दिवाळे निघाले म्हणजे माणूस दिवाळखोर होतो का?

वाचकाचे पत्र (थोडक्यात): माझे वय ४७ आहे. गेली १५ वर्षे भाड्याच्या गाळ्यात पुठ्ठ्याची खोकी तयार करण्याचा माझा एकट्याच्या मालकीचा व्यवसाय आहे. दोन मोठी गिऱ्हाइके तुटली, तिसऱ्याकडची येणी बुडाली, आणि आज बँकेचे १९ लाख, कागद पुरवणाऱ्या तिघांचे मिळून ११ लाख व मेहुण्याचे ४ लाख रुपये देणे आहे. यंत्रे आणि माल विकला तरी निम्मेही फिटणार नाही. मागच्या महिन्यात एका लग्नात काका चारचौघांत म्हणाले, “आपल्या घराण्यात आजवर दिवाळखोर कोणी निघाला नव्हता.” तेव्हापासून मी गाळ्यावर जातो, पण शटर अर्धे खाली ओढून, दिवा न लावता बसतो. वकिलांनी न्यायालयात अर्ज करण्याचा मार्ग सुचवला आहे. मात्र तो केला की हा शिक्का कायमचा बसेल आणि उद्या मुलालाही भोवेल, अशी भीती वाटते. एक ओळखीचा माणूस महिना ४ टक्क्यांनी पैसे देण्यास तयार आहे. त्यातून कागदवाल्यांचे तोंड बंद करावे आणि राहते घर पत्नीच्या नावे करून टाकावे, असे मनात येते. मित्र म्हणतो, हा शब्द मुळात दिव्यावरून आला आहे, त्यात लाजण्यासारखे काही नाही. हे खरे आहे का? मी काय करावे?

सल्ला:

तुमच्या पत्रात आकडे एका परिच्छेदात संपतात आणि तो एक शब्द मात्र शेवटपर्यंत तुमची पाठ सोडत नाही. म्हणून आधी त्या शब्दाकडेच पाहू. तुम्ही जे तीन निर्णय घेऊ पाहत आहात, म्हणजे अर्ज न करणे, चढ्या व्याजाने पैसे घेणे आणि घर पत्नीच्या नावे करणे, ते तिन्ही देण्यांच्या हिशेबातून आलेले नाहीत, या शब्दाच्या धास्तीतून आलेले आहेत.

तुमच्या मित्राने सांगितलेली कथा परंपरेने चालत आली आहे. देणे फेडणे अशक्य झाले की पेढीवाला किंवा दुकानदार भर दिवसा आपल्या दुकानात दिवा लावून ठेवी. उजेडी दिवा जळताना दिसला की बाजाराने काय ते समजावे, आणि त्यावरून ‘दिवाळे’ हा शब्द आला, असे सांगितले जाते. ‘दीपावली’पासून ‘दिवाळी’ आली हे पक्के आहे. ‘दिवाळे’चे तसे नाही. शेजारच्या गुजरातीत याच अर्थाचा ‘देवाळुं’ हा शब्द आहे आणि त्याच भाषेत ‘देवुं’ म्हणजे कर्ज. हे दोन शब्द शेजारी ठेवले की दिव्याऐवजी देण्याकडेही बोट जाते. तेव्हा मित्राची व्युत्पत्ती ही मी तुम्हाला पुरावा म्हणून देणार नाही. तरीही ती कथा इतकी वर्षे का टिकली, याचा विचार करण्यासारखा आहे. त्या कथेतला माणूस लपत नाही आणि रातोरात गाशा गुंडाळून पळतही नाही. तो आपल्याच जागी बसून, आपल्या हाताने, सगळ्यांना दिसेल अशी खूण करतो. तुम्ही शटर अर्धे ओढून अंधारात बसता असे लिहिले आहे, ते वाचताना मला ही कथा आठवल्याशिवाय राहिली नाही.

हीच कल्पना इतरत्र कशी दिसते तेही पाहा. ‘बँकरप्ट’ हा शब्द इटालियन भाषेतल्या ‘बांका रोत्ता’ या जोडीतून इंग्रजीत आला; बांका म्हणजे सराफाचे बाक आणि रोत्ता म्हणजे मोडलेले. ज्याचे देणे थकले त्याचे बाक बाजारात मोडून टाकत, अशी कथा तिकडेही सांगतात. इंग्लंडमधला या विषयावरचा पहिला कायदा १५४२ सालचा, आणि त्यात देणेकऱ्याकडे सरळ गुन्हेगार म्हणून पाहिले होते. देणेकऱ्याने प्रामाणिकपणे सहकार्य केले तर त्याला उरलेल्या देण्यातून मोकळे करावे, ही तरतूद तेथे १७०५ च्या कायद्याने आली. त्याच कायद्याने मालमत्ता लपवून फसवणाऱ्याला मात्र देहदंड ठेवला होता. म्हणजे जो देऊ शकत नाही तो वेगळा आणि जो फसवतो तो वेगळा, हे कायद्याला कळायला तिकडे दीडशेहून अधिक वर्षे लागली. काकांना ते एका लग्नात कळावे, ही अपेक्षा कदाचित जास्तच होईल.

आता खरी खोच. तुम्हाला टोचतो आहे तो ‘दिवाळे’ हा शब्द नव्हे. टोचते आहे ते त्याला मागून चिकटलेले ‘खोर’. हा प्रत्यय फारसीतून आला आणि त्याचा मूळ अर्थ ‘खाणारा’. मराठीत तो ज्या शब्दांना लागला ते आठवून पाहा: लाचखोर, नफेखोर, भांडखोर, चुगलखोर, दंगेखोर, घुसखोर, हरामखोर. यातला प्रत्येक शब्द माणसाची खोड सांगतो, आणि त्यातले बहुतेक दोष देण्यासाठीच वापरले जातात. एखाद्याचे एकदा भांडण झाले म्हणून त्याला आपण भांडखोर म्हणत नाही. आणि ताप आलेल्या माणसाला आजारी म्हणतो, ‘आजारखोर’ असा शब्द तर भाषेत नाहीच. मग धंदा बुडालेल्या माणसालाच हे शेपूट का लागावे, हा प्रश्न विचारायला हवा. माझ्या मते यामागे जुन्या बाजाराचा एक रास्त संशय आहे. पैसे दडवून हात वर करणारे लोक असत आणि आजही आहेत, आणि ‘खोर’ मुळात त्यांच्यासाठी योग्यच होते. पुढे ते प्रत्येकाच्या कपाळी आले. वर्तमानपत्रांतून ‘वैचारिक दिवाळखोरी’ आणि ‘बौद्धिक दिवाळखोरी’ असे शब्द इतके झिजेपर्यंत वापरले गेले, की हा शब्द आता हिशेबाचा राहिला नाही, शिवीचा झाला.

या शब्दाची क्रियापदे मात्र त्या मानाने प्रामाणिक आहेत. आपण ‘दिवाळे निघाले’ म्हणतो, ‘दिवाळे काढले’ म्हणतो आणि ‘दिवाळे वाजले’ असेही म्हणतो. निघाले म्हणजे घडून गेले. त्यात परिस्थिती आली, चुका आल्या, बुडालेली येणी आली. काढले म्हणजे कोणीतरी ते केले, आणि जाणूनबुजून केले असाही वास त्याला येतो. वाजले म्हणजे गावभर झाले. तुमचे, तुम्ही लिहिलेल्या आकड्यांवरून, निघाले आहे. ते अजून वाजू नये म्हणून तुम्ही धडपडता आहात, आणि त्या धडपडीत ते ‘काढले’च्या वाटेवर जाऊ पाहत आहे. मला काळजी वाटते ती याची.

कायद्याच्या मराठीत यासाठी आणखी एक शब्द आहे: नादारी. हा शब्दही फारसीच आहे. ‘दार’ म्हणजे बाळगणारा. जमीनदार, भागीदार, कर्जदार यांत तोच आहे. त्याआधी ‘ना’ लागला की ज्याच्यापाशी काही नाही तो नादार. जुन्या पिढीला हा शब्द शाळेतून ठाऊक असेल, कारण घरची गरिबी असलेल्या मुलाला फीची माफी मिळे तिलाही नादारीच म्हणत, आणि ‘त्याला नादारी मिळाली’ हे वाक्य कोणी शिवी म्हणून उच्चारत नसे. आपल्याकडच्या २०१६ च्या संहितेच्या नावात नादारी आणि दिवाळखोरी असे दोन्ही शब्द शेजारी आहेत आणि त्यांचे अर्थ वेगळे आहेत: देणे देता न येण्याची स्थिती ती नादारी, आणि व्यक्ती किंवा भागीदारी संस्थेबाबत त्यानंतर येणारी आदेशाची पुढची पायरी ती दिवाळखोरी. म्हणजे तुमच्या आजच्या अवस्थेला अचूक नाव हवे असेल तर ते आहे. काकांनी वापरले ते नव्हे.

पण इथे मी तुम्हालाही अडवतो. अचूक नाव सापडले म्हणजे देणे कमी झाले, असे नाही. दिव्याची कथा ऐकून मन हलके झाले तर आनंद आहे, तरी त्या तीन कागदवाल्यांचे ११ लाख त्या कथेने फिटणार नाहीत, आणि त्यांच्याही घरी कोणाला तरी उत्तर द्यायचे असेल. शब्दाचा उगम शोधण्याचा उपयोग एवढाच, की स्वभावावरचा ठपका आणि हिशेबातली तूट या दोन गोष्टी वेगळ्या ठेवता येतात आणि तुटीकडे सरळ पाहता येते.

कायदाही तीच रेघ ओढतो. जॉली जॉर्ज वर्गीस विरुद्ध बँक ऑफ कोचीन या १९८० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की केवळ पैसे नाहीत म्हणून देणेकऱ्याला दिवाणी तुरुंगात टाकता येणार नाही. त्यासाठी त्याचा अप्रामाणिकपणा दिसला पाहिजे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये जप्तीतून वगळलेल्या वस्तूंची यादी आहे, आणि ती एकदा वाचाच. नेसूचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे आणि धर्माचाराप्रमाणे स्त्रीने अंगावेगळे करू नयेत असे दागिने. माणसाचे सगळे गेले तरी काय जाऊ नये, याचा विचार त्या यादीत कोणीतरी केलेला आहे. राहते घर मात्र तुमच्या बाबतीत त्या यादीत बसत नाही, हेही आत्ताच सांगून ठेवतो.

शिक्का कायमचा बसेल का, हा तुमचा दुसरा प्रश्न. २०१६ च्या संहितेतला व्यक्तींसाठीचा भाग आतापर्यंत केवळ कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी दिलेल्यांसाठी लागू झाला आहे. एकट्याच्या मालकीचा व्यवसाय असलेल्या तुमच्यासारख्यांना अजून जुनेच कायदे लागतात: मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या जुन्या इलाखा-शहरांसाठी १९०९ चा आणि अन्यत्र १९२० चा प्रांतिक नादारी कायदा. हा कायदा किती जुना आहे ते त्यातल्या आकड्यावरूनच दिसते. देणे ५०० रुपयांचे असले तरी अर्ज करता येतो. अर्ज मान्य झाला की मालमत्ता न्यायालयाकडे किंवा त्याने नेमलेल्या व्यक्तीकडे जाते आणि धनकोंमध्ये वाटली जाते. त्यानंतर त्यातून मुक्त होण्यासाठी अर्ज करता येतो. मुक्ती मिळाली की बहुतेक देणी संपतात. सरकारी देणी आणि फसवणुकीतून उद्भवलेली देणी मात्र राहतात. अशा रीतीने मुक्त न झालेल्या व्यक्तीला संसदेचे सदस्य होता येत नाही, असे राज्यघटनेचा अनुच्छेद १०२ सांगतो. ‘मुक्त न झालेल्या’ हे शब्द तेथे मुद्दाम आहेत, कारण ही अवस्था संपणारी आहे असे घटनेनेही गृहीत धरले आहे.

यात एक अडचण आहे आणि ती तुम्हाला थेट लागू होते. मालमत्तेतून रुपयामागे आठ आणेही वसूल होत नसतील, तर १९२० च्या कायद्याने न्यायालय पूर्ण मुक्ती नाकारते. अपवाद एकच, की ही तूट आपल्या हातात नसलेल्या कारणांनी आली, हे देणेकऱ्याने पटवून द्यावे. त्याआधीच्या तीन वर्षांचे हिशेब नीट ठेवलेले नसले तरीही हीच अडचण येते. म्हणून आज संध्याकाळी गाळ्यात दिवा लावून करायचे काम हे आहे: तीन वर्षांच्या वह्या, बिले, बँकेचे उतारे, बुडालेल्या येणीबाबतचा पत्रव्यवहार आणि तुटलेल्या गिऱ्हाइकांच्या शेवटच्या ऑर्डरी एका फाइलमध्ये लावा. तुमची बाजू त्या फाइलमधूनच उभी राहणार आहे.

याच कायद्यात मुक्त न झालेल्या माणसाने ५० रुपये किंवा अधिक उधारी घेताना आपली स्थिती समोरच्याला सांगितली नाही, तर तो गुन्हा ठरतो. म्हणजे दुकानात दिवा लावण्याची कथा खरी असो वा नसो, कायद्याने तो दिवा सक्तीचा केला आहे.

घर पत्नीच्या नावे करण्याचा विचार सोडून द्या. योग्य मोबदला न घेता केलेले हस्तांतर, त्यानंतर दोन वर्षांच्या आत नादारीचा अर्ज झाला आणि तुम्ही नादार ठरलात, तर रद्द होऊ शकते. आणि तसे झाले की घर तर जातेच, शिवाय ‘प्रामाणिक’ हा एकमेव शब्द, जो तुमच्या बाजूने आहे, तोही जातो. घर वाचेलच असे आश्वासन मी देऊ शकत नाही. बँकेशी तडजोड झाली तर वाचण्याची शक्यता जास्त, लपवले तर कमी. मेहुण्याचे ४ लाख गुपचूप आधी देऊन टाकावेत असेही मनात येईल, कारण नात्याची लाज मोठी असते. अर्जाच्या आधीच्या तीन महिन्यांत एका धनकोला झुकते माप देऊन केलेली अशी फेडही उलटवता येते, आणि मग मेहुण्यालाच ते पैसे परत करावे लागतील. त्याला आजच बसवून खरे काय ते सांगणे त्याच्याही हिताचे आहे.

चढ्या व्याजाच्या कर्जाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. ११ लाखांवर महिना ४ टक्के म्हणजे दरमहा ४४ हजार, वर्षाला ५ लाख २८ हजार, आणि मुद्दल जिथल्या तिथे. ज्या धंद्यातून आज कागदाचे पैसे निघत नाहीत, त्यातून हे कसे निघणार? या माणसाकडे परवाना आहे का हेही विचारा. महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा आहे. तुम्ही म्हणता पत टिकवण्यासाठी हे करायचे. कागदवाल्यांना तुमची स्थिती माहीत नाही, असे तुम्ही धरून चालला आहात. मला ते संभवनीय वाटत नाही. जे रोज माल पाठवतात त्यांना ऑर्डर कमी झाल्याचे आणि शटर अर्धे असल्याचे सगळ्यांत आधी कळते. त्यांना कळलेले नाही ते एवढेच, की तुम्ही त्यांना टाळता आहात की तुमच्याकडे खरेच काही नाही. याच कारणासाठी, त्यांची समजूत काढायला म्हणून पुढच्या तारखांचे धनादेशही देऊ नका. धनादेश वटला नाही, त्यांची नोटीस आली आणि १५ दिवसांत पैसे भरता आले नाहीत, तर परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड होऊ शकतो. जे देणे दिवाणी आहे त्याला आपल्याच सहीने फौजदारी करून घेऊ नये.

मुलाबद्दल निश्चिंत राहा. वडिलांचे कर्ज फेडणे हे मुलाचे पवित्र कर्तव्य, या जुन्या तत्त्वावर हिंदू मुलाकडून वसुली करण्याचा मार्ग हिंदू उत्तराधिकार कायद्यातील दुरुस्तीने ९ सप्टेंबर २००५ पासून, त्यानंतरच्या कर्जांपुरता, बंद केला आहे. तुमच्या मागे जी मालमत्ता त्याच्याकडे येईल तिच्यावर देण्याचा भार राहील. त्याच्या स्वतःच्या कमाईवर नाही. मात्र त्याला कोणत्याही कर्जाला हमीदार म्हणून सही करायला लावू नका, कोणी कितीही आग्रह केला तरी.

आता क्रम. न्यायालय ही पहिली पायरी नाही. आधी बँकेत जा, आणि तोंडी न बोलता लेखी अर्ज द्या. उत्पादन करणाऱ्या छोट्या उद्योगांच्या अडचणीतल्या कर्जांसाठी बँकांना २०१६ पासून समित्यांची व्यवस्था आखून दिलेली आहे आणि धंदा कोसळण्याची चिन्हे दिसताच कर्जदारालाही तिच्याकडे स्वतः अर्ज करता येतो. पुनर्रचना किंवा एकरकमी तडजोड, यांपैकी काय शक्य आहे ते विचारा. यंत्रे बँकेकडे तारण असतील तर बँकेला न विचारता एकही यंत्र हलवू नका. मग तिन्ही कागदवाल्यांना एकाच दिवशी, एकच मजकूर असलेले पत्र द्या. तिघांना तीन वेगळ्या गोष्टी सांगितल्या की ते एकमेकांना फोन करतातच. ते तडजोडीला तयार झाले तर न्यायालयात जाण्याची वेळही येणार नाही. नाही झाले, तर अर्ज करा, आणि वकिलांना सगळे सांगून करा. त्यांच्यापासून एक जरी देणे लपवले तरी तेच पुढे आडवे येते.

पत्रातला मजकूर तुम्ही विचाराल, म्हणून सुचवतो. पहिल्या वाक्यात देण्याची रक्कम लिहा, दुसऱ्यात आज तुमच्यापाशी काय आहे ते, तिसऱ्यात येणी कोणाकडची बुडाली आणि त्याबाबत तुम्ही काय केले, आणि चौथ्यात कोणत्या दिवशी, किती वाजता ते गाळ्यावर येऊन वह्या पाहू शकतात. क्षमायाचनेचे परिच्छेद नकोत, आणि ‘दिवाळीपर्यंत सगळे चुकते करतो’ असले वचन तर मुळीच नको. ते येतील त्या दिवशी शटर पूर्ण वर ठेवा.

काकांना उत्तर द्यावे की नाही, हे मी तुमच्यावर सोडतो. मी असतो तर दिले नसते. पण पुढच्या वेळी कोणी तो शब्द वापरला, तर ‘माझे दिवाळे निघाले आहे’ एवढे म्हणून पुढच्या विषयाकडे वळलो असतो.